वुहानचा नदीकाठ आणि १९५४ च्या पुराचं स्मारक: एक दिवस नीट कसा काढायचा

मी सांगलीचा. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट लागला की सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न 'आयर्विनला किती?' हाच असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं, त्या पायरीवर अजून डाग आहे. त्यामुळे कामानिमित्त चीनमध्ये वुहानला जाणं झालं आणि कळलं की तिथे पुराचं एक मोठं स्मारक आहे, तेही नदीकाठच्या बागेतच, तेव्हा मी सगळं सोडून आधी तिकडे गेलो. एकदा जुलैत आणि नंतर एकदा नोव्हेंबरात, असं दोनदा बघितलं. पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने बघितलं, म्हणजे थेट स्मारकापाशी गेलो, फोटो काढले आणि वीस मिनिटांत परत, काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी पूर्ण दिवस दिला, नदीपासून सुरुवात केली आणि स्मारक शेवटी ठेवलं. तोच क्रम इथे सांगतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, नेटवर चीनमधलं पुराचं स्मारक शोधलं की बऱ्याचदा हार्बिनचं येतं. ते वेगळं. ते पार उत्तरेला सोंगहुआ नदीवर आहे, १९५७ च्या पुराचं, १९५८ ला बांधलेलं. आपण बोलतोय ते वुहानचं, यांगत्सेवरचं, १९६९ ला बांधलेलं. बुकिंग करताना गोंधळ करू नका, दोन शहरांत हजारो किलोमीटरचं अंतर आहे.

जाण्याआधी एवढे आकडे डोक्यात ठेवा

वुहान म्हणजे खरं तर तीन गावं मिळून झालेलं शहर, हानखौ, हानयांग आणि वुछांग. यांगत्से मधून जाते, आणि हान नावाची दुसरी मोठी नदी शहरातच येऊन तिला मिळते. वुछांग एका काठाला, हानखौ आणि हानयांग दुसऱ्या काठाला, आणि त्या दोघांच्या मधून हान नदी. आपल्याला जायचंय हानखौच्या काठावर. हानखौ सखल आहे, मोठ्या पुरात नदीचं पाणी तिथल्या रस्त्यांपेक्षा वर असतं, मध्ये असतो तो फक्त बांध आणि भिंत.

इथली पाण्याची पातळी १८६५ पासून मोजतायत, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. आपलं फुटांचं जसं, तसंच तिथे लोकांना हे आकडे माहीत असतात. २५ मीटरला बंदोबस्त सुरू, २७.३० ला इशारा, आणि २९.७३ ही शेवटची रेघ, म्हणजे तिथपर्यंत शहर वाचवू अशी हमी. हा २९.७३ कुठून आला? १८ ऑगस्ट १९५४ ला पाणी नेमकं तिथपर्यंत चढलं होतं. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यात जास्त.

आता त्याच्या शेजारी बाकीचे ठेवा. १९३१ ला २८.२८. हा १९५४ पेक्षा जवळपास दीड मीटरने कमी, तरी १९३१ लाच हानखौ बुडलं, बांध फुटले, पाणी शहरात आठवडेच्या आठवडे उभं होतं, रस्त्यांवरून होड्या चालत होत्या. १९५४ ला त्याहून जास्त पाणी येऊनही शहराचा मुख्य भाग वाचला. मग १९९६ ला २८.६६, १९९८ ला २९.४३, १९९९ ला २८.८९, २०१६ ला २८.३७, २०२० ला २८.७७. म्हणजे बुडालेलं १९३१ हे आकड्यांच्या यादीत आज सातव्या नंबरवर आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे पूर किती मोठा होता ते फक्त पातळीवरून ठरवतात, बांध कसा होता हे कोणी विचारत नाही.

व्हिसा, विमान, मोबाईल

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधीच काढावा लागतो. टुरिस्ट व्हिसा कोविडच्या काळात बंद होता, आता परत देतात. ट्रान्झिटमध्ये दहा दिवस व्हिसाशिवाय राहता येतं असे व्हिडिओ बघून जाऊ नका, त्या यादीत भारत नाही.

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला सगळ्यात सरळ वाटतो तो रस्ता म्हणजे कुठूनतरी ग्वांगझौला उतरायचं आणि तिथून बुलेट ट्रेन. ग्वांगझौ साउथ स्टेशनवरून वुहान सुमारे हजार किलोमीटर आहे आणि साधारण चार तासांत पोचता. हाँगकाँग किंवा बँकॉकवरून थेट वुहानच्या तियानहे विमानतळावर उतरायचं असेल तर तेही चालतं, मेट्रोची लाइन २ विमानतळातूनच सुरू होते.

ग्वांगझौवरून वुहान या वाटेशी आपलं एक नातं आहे. १९३८ च्या सप्टेंबरात जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं, ग्वांगझौला उतरलं आणि तिथून हानखौला पोचलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्यांनी आधी इथे वुहानमध्येच जखमींवर काम केलं, ऑक्टोबरच्या शेवटी शहर जपान्यांच्या हाती पडलं त्याच्या आधी पथक वर यांगत्सेने पुढे गेलं. कोटणीस परत आलेच नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच उत्तर चीनमध्ये गेले. सोलापूरला त्यांच्या राहत्या घराचं स्मारक केलंय. तुम्ही हानखौच्या काठावर उभे राहाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं, मी तिथे एका चहाच्या दुकानातल्या आजोबांना 'इंदू', म्हणजे भारत, असं सांगितलं तर त्यांनी लगेच 'खअ दीह्वा' म्हटलं, ते कोटणीसांचं चिनी नाव.

मोबाईलचं असं आहे की गूगल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाही. आपल्या कंपनीचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर साधारण चालतं, मी तेच करतो. पण गूगल मॅपवर विसंबू नका. चीनमध्ये नकाशाचे बिंदू सरकवलेले असतात, तुम्ही रस्त्यावर असता आणि टिंब नदीत दाखवतं. पहिल्या वेळी मी असाच एक तास भरउन्हात भिंतीच्या चुकीच्या बाजूने चालत राहिलो, पलीकडे बाग आहे आणि आत जायला दार सापडत नाही. तिकडचं आमॅप नावाचं अ‍ॅप टाका, किंवा आयफोन असेल तर अ‍ॅपल मॅप चालतो. अलीपे घरूनच टाकून घ्या आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडून ठेवा, मेट्रो, नाश्ता, बोट सगळीकडे क्यूआर कोड. आणि स्मारकाचं, मेट्रो स्टेशनचं, हॉटेलचं नाव चिनी लिपीत असलेला स्क्रीनशॉट काढून ठेवा. उच्चार करून सांगायला गेलात तर टॅक्सीवाल्याला कळणार नाही, सुरात फरक पडला की शब्दच बदलतो.

कुठल्या महिन्यात

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. हवा कोरडी, पाणी उतरलेलं, आणि बागेच्या खालच्या टोकाला उंच गवताचे पांढरे तुरे आलेले असतात. मार्च-एप्रिलही ठीक. डिसेंबर-जानेवारीत थंडी ओली असते, हाडात शिरते, स्वेटर-जॅकेट नीट घ्या.

जून-जुलै म्हणजे तिकडचा सततचा पाऊस आणि त्यात उकाडा, वुहानला चीनची भट्टी म्हणतात ते उगाच नाही. फिरायला म्हणून मी त्या दिवसांत जा असं सांगणार नाही. पण पूर म्हणजे काय हे बघायचंच असेल तर जुलैतली नदी बघण्यासारखी असते. थंडीतली पातळी आणि उन्हाळ्यातल्या पुराची पातळी यात दहा मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे तीन मजले. मी नोव्हेंबरात ज्या पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाल्ले त्या जुलैत दिसतच नव्हत्या. पाणी फार वाढलं की बाग पूर्ण बंद करतात, २०१६ आणि २०२० ला तसंच झालं होतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टात जात असाल तर निघायच्या सकाळी हॉटेलवर विचारा.

सकाळ: नाश्ता आणि बोट

मुक्काम कुठेही असो, दिवसाची सुरुवात वुछांगच्या बाजूने करा. मेट्रो लाइन ५ चं सिमेनकौ स्टेशन, तिथे यलो क्रेन टॉवरही जवळ आहे, आणि तिथून चालत नदीकडे जाताना हुबू गल्ली लागते. गल्ली पर्यटकांची झालीय, दर जास्त आहेत, आजूबाजूच्या बोळात तेच पदार्थ निम्म्यात मिळतात. वुहानमध्ये सकाळच्या नाश्त्याला 'क्वोत्साव' म्हणतात आणि लोक तो रस्त्यात चालता-चालता कागदी वाटीतून खातात. मुख्य पदार्थ रगानम्येन, उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स परत पाण्यात बुडवून काढतात आणि वर तिळाची दाट पेस्ट, मुळ्याचं लोणचं, कांद्याची पात. गरम असतानाच भराभर कालवायचं, थांबलात तर गोळा होतो. शाकाहारी असाल तर 'वो छ् सू' म्हणा, आणि काय नको ते मोबाईलवर चिनीत लिहून दाखवा, कारण काही जण वरून मांसाचा रस्सा घालतात. दुसरा म्हणजे म्येनवो, तांदूळ आणि सोयाबीनचं पीठ मधे उंचवटा असलेल्या पळीत ओतून तळतात, मधे भोक, कडेला जाड, आपल्या मेदूवड्याचा भाऊच. माझ्या आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली चटणी कुठाय.

खाऊन झालं की चोंगहुआ रोडच्या धक्क्यावर जा आणि समोरच्या हानखौच्या वुहानक्वान धक्क्याची बोट पकडा. तिकीट अगदी स्वस्त आहे, रोजची माणसं सायकली, स्कूटर घेऊन चढतात. वरच्या मजल्यावर डावीकडची जागा धरा. डाव्या हाताला पहिला यांगत्से पूल दिसतो, खाली रेल्वे वर रस्ता, १६७० मीटर लांब, १५ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेला, म्हणजे त्या पुरानंतर तीन वर्षांत.

आणि बोट मध्यावर आली की पुलाचे फोटो थांबवा आणि समोर हानखौकडे बघा. पाणी, मग हिरवी बाग, मग तिच्यामागे एक लांबच लांब करडी रेघ, आणि रेघेच्या वर जुन्या इमारतींचे फक्त वरचे मजले. ती रेघ म्हणजे पुराची भिंत. खालचे मजले तिच्यामागे आहेत. रस्त्यावरून ती भिंत नुसती कंपाउंडसारखी वाटते, नदीवरून बघितलं की समजतं की शहर खाली आहे.

घड्याळाचा मनोरा

बोटीतून उतरलात की रस्त्यापलीकडे जुनी कस्टम्सची इमारत आहे, जियांगहानक्वान, १९२४ ला पूर्ण झालेली, वर घड्याळ. आता आत म्युझियम आहे. सोमवार टाळा, चीनमध्ये बहुतेक म्युझियमं सोमवारी बंद असतात, आणि पासपोर्ट जवळ ठेवा. १८६१ ला हानखौ परदेशी व्यापाराला उघडलं गेलं, मागोमाग कस्टम्स आलं, आणि बोटी किती खोल पाण्यात येऊ शकतात हे कळायला कस्टम्सवाल्यांनी १८६५ पासून नदीची पातळी लिहून ठेवायला सुरुवात केली. वर दिलेले सगळे आकडे त्याच नोंदींच्या माळेतले. म्हणून मी म्हणतो स्मारकाच्या आधी इथे या.

ज्यांना वेळ आहे त्यांनी इथून वरच्या अंगाला, म्हणजे नदीकडे तोंड केलं तर उजवीकडे, लोंगवांगम्याओला जाऊन यावं. हान नदी यांगत्सेला मिळते ती जागा. दोन पाण्यांचे रंग काही दिवस स्पष्ट वेगळे दिसतात. १९९८ ला हानखौमधला सगळ्यात धोक्याचा भाग हाच होता, आणि इथे पहाऱ्यावर असलेल्या १६ जणांनी बांध राहील तर आपण राहू अशा अर्थाची शपथ लिहून खाली स्वतःची नावं घालून फळा बांधावर उभा केला होता. आम्ही २०१९ ला रात्रभर जागे होतो तेव्हा आपल्या बांधावर कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती १६ नावं मला फार लागली.

भिंत आणि तिची दारं

आता खालच्या अंगाला वळायचं, नदीकडे तोंड केलं तर डावीकडे. यानजियांग नावाचा रस्ता नदीला धरून जातो, त्याच्या एका बाजूला जुन्या परदेशी वसाहतींच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला भिंत. आधी ब्रिटिशांचा भाग, मग रशियन, मग फ्रेंच, मग जर्मन, मग जपानी, असे काठाने पाच पट्टे होते. मधल्या लीहुआंगपी रस्त्यावर वळून एक चक्कर मारा, सावली आहे, बसायला कॉफीची दुकानं आहेत. दुपारचं जेवण या भागातच उरकून घ्या, पुढे बागेत नीट जेवण मिळत नाही.

बागेत शिरायला भिंतीत ठरावीक अंतरावर दारं आहेत. सगळे लोक त्यातून घाईने आत जातात. तुम्ही थांबा. दाराच्या दोन्ही बाजूच्या खांबांना हात लावून बघा, वरून खालपर्यंत उभ्या खाचा आहेत, दोन-दोन, समोरासमोर. आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालायला जशा खाचा असतात तशाच. पाणी वाढलं की या खाचांत फळ्या सोडतात, दोन ओळी, आणि मधल्या पोकळीत माती आणि पोती भरतात. तेवढं केलं की दार संपलं, सगळी भिंत सलग होते, आणि बाग नदीच्या ताब्यात जाते. जुलैत मी गेलो तेव्हा एका दारापाशी फळ्यांची चळत आणि पोत्यांचा ढीग ताडपत्रीखाली तयार ठेवलेला होता, वर नंबर टाकलेले. पाणी अजून इशाऱ्याच्या खाली होतं तरी.

मी खाचेत बोट घातलं, आत बारीक वाळू होती आणि गोगलगायीचा एक रिकामा शंख.

बाग

बागेचं नाव हानखौ जियांगतान, म्हणजे हानखौची नदीची पुळण. २००२ पासून टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुली केली, लांबी साधारण सात किलोमीटर. तिकीट नाही. पूर्वी हा पट्टा गोदामं, धक्के, झोपड्या, असा भरलेला होता आणि पुराचं पाणी त्याला अडत होतं. तो मोकळा केला, काठ उताराचा करून पायऱ्या-पायऱ्यांचे कट्टे केले, म्हणजे पाणी वाढलं की आधी सगळ्यात खालचा कट्टा जातो, मग मधला, मग वरचा. बाग म्हणून बांधलेली ही नदीचीच जागा आहे, वर्षातले दहा-अकरा महिने माणसं वापरतात. आपल्याकडे नदीकाठ सुशोभित करायचा म्हटलं की भराव टाकून नदी अरुंद करतात, त्या लोकांना इथे आणून खालच्या कट्ट्यावर उभं करावं असं मला मनापासून वाटतं.

सात किलोमीटर सगळं चालायची गरज नाही. कस्टम्सच्या मनोऱ्यापासून स्मारक अडीच-तीन किलोमीटर आहे, निवांत चाललात तर तास-दीड तास. वरच्या कट्ट्याने न जाता मधे-मधे खाली पाण्यापर्यंत उतरत जा. पायऱ्यांच्या कडेला पातळी मोजायच्या पट्ट्या दिसतील, त्यावर आकडे असतात, आज पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वाचा आणि मनात २९.७३ पर्यंत मोजत वर बघा. मी नोव्हेंबरात असं मोजलं तर नजर पायऱ्या, कट्टा, झाडं सगळं ओलांडून भिंतीच्या वरच्या भागात गेली, तेव्हा पोटात खड्डा पडला.

खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि गाळ असतो, चप्पल घालून उतरू नका, बूट पाहिजेत. आणि पाण्यात पाय सोडून बसू नका. नारिंगी फुगे कमरेला बांधून पोहणारी स्थानिक माणसं दिसतील, साठी-सत्तरीची सुद्धा, त्यांचं बघून उतरायचा मोह होईल, पण ते आयुष्यभर या पाण्यात पोहलेले आहेत. प्रवाह वरून संथ दिसतो, मोठ्या बोटी गेल्या की दोन मिनिटांनी लाटा पायऱ्यांवर चढतात आणि मागे ओढतात.

दुपारी तीननंतर बाग भरायला लागते. पतंगवाले, चाबकाने मोठाले भोवरे फिरवणारे, स्पीकर लावून ओळीत नाचणाऱ्या बायका. एक आजोबा हातभर लांब कुंचला पाण्याच्या डब्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. प्रत्येक अक्षर काढायला ते दम धरत होते, शेवटच्या फटकाऱ्याला मनगट उचलत होते, आणि ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर उन्हाने वाळून गेलेलं असायचं, की परत सुरुवात. मी अर्धा तास तिथेच होतो. फोटो काढायचा असेल तर आधी खुणेने विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

स्वच्छतागृहं भरपूर आहेत, फुकट आहेत, टिश्यू स्वतःचा ठेवा. प्यायचं पाणी बाटलीत घ्या. संध्याकाळी डास असतात, उन्हाळ्यात तर फारच.

स्मारक

आता स्मारक. हा भाग बिनजियांग पार्क, सानयांग रस्ता जिथे नदीला येऊन भिडतो त्याच्या आसपास. लांबूनच उंच खांब दिसतो, ३७ मीटर, समोर रुंद चौक. चिनीत 'वूहान फांगशुन जीन्येनपेइ'.

त्यावर माओचं चित्र आहे, त्याच्या हस्ताक्षरातला मजकूर आहे, आणि १९५६ ला इथेच यांगत्सेत पोहल्यावर त्याने लिहिलेली कविताही कोरलीय. १९६९ म्हणजे सांस्कृतिक क्रांतीचा काळ, त्यामुळे रूप तसंच भव्य, घोषणेसारखं. पण लिहिलेला मजकूर नीट समजून घ्या. तो अभिनंदनाने सुरू होतो, वुहानच्या लोकांनी १९५४ च्या पुरावर मात केली म्हणून, आणि पुढे लगेच म्हणतो की इतकाच मोठा पूर पुढेही येऊ शकतो, त्यावर मात करायची तयारी ठेवा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं तर अर्थ बऱ्यापैकी कळतो. मी जगात फार फिरलेलो नाही, पण विजयाच्या स्मारकावर 'परत येणार आहे' असं कोरलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि आला, १९९८ ला, फक्त ३० सेंटिमीटर कमी. एका पट्टीएवढा फरक.

तळाशी कोरलेल्या चित्रांत खांद्यावर माती वाहणारी माणसं, बांध घालणारे हात आहेत, तिथे वेळ द्या. १९५४ ला जवळजवळ शंभर दिवस शहर बांधावर होतं. पाणी रोज वर चढायचं आणि लोक बांध त्याच्यापुढे चार बोटं वर ठेवायचे.

खांबावर नसलेली एक गोष्ट मात्र मी तिथे उभं राहून मुद्दाम आठवतो. शहर वाचावं म्हणून वरच्या बाजूला पाणी शेतांत सोडलं गेलं. जिंगजियांगचं पूर सोडायचं क्षेत्र म्हणून ९२१ चौरस किलोमीटरचा भाग १९५२ लाच तयार ठेवला होता, १९५४ च्या जुलै-ऑगस्टात त्याची दारं तीनदा उघडली. तिथे गावं होती. आणि सगळ्या खोऱ्यात मिळून त्या वर्षी सुमारे ३३ हजार माणसं गेली. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, कुणाचं शेत जाणार आणि कुणाचं शहर राहणार, यावर आमच्या भागात दर पावसाळ्यात भांडणं होतात, त्यामुळे मला त्या चित्रांकडे बघताना त्या शेतकऱ्यांचीही आठवण होते. आज वर थ्री गॉर्जेस धरण आहे, २००३ पासून पाणी अडवतंय, वुहानवरचा भार त्याने कमी झालाय, तरी भिंतीच्या खाचा कुणी बुजवलेल्या नाहीत.

स्मारकापाशी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा असं मी सांगेन. अंधार पडला की समोरच्या काठावरच्या उंच इमारतींवर दिव्यांची चित्रं सुरू होतात, चौकात गर्दी होते, लहान मुलं स्केटिंग करतात, आणि मग शांतपणे काही वाचता येत नाही. आधी वाचून घ्या, मग दिवे बघा. पाय दुखत नसतील तर पुढे दुसऱ्या यांगत्से पुलापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जा, तो पूल १९९५ चा, वर सांगितलेलं तुऱ्यांचं गवत तिकडेच आहे, पण त्यासाठी उजेड लागतो, म्हणून गवत बघायचं असेल तर लीहुआंगपीची चक्कर कमी करा.

परत येताना

स्मारकापासून नदीकडे पाठ करून सानयांग रस्त्याने सरळ चाला, पंधरा मिनिटांत सानयांग रोड मेट्रो स्टेशन, लाइन १ आणि लाइन ७. विमानतळ किंवा हानखौ रेल्वे स्टेशनकडे जायचं तर लाइन १ ने दोन स्टेशनं, शुनलीमेनला उतरून लाइन २ धरा. बुलेट ट्रेनच्या वुहान स्टेशनला जायचं तर तसंच लाइन २ घेऊन नदीखालून पलीकडे, होंगशान चौकात लाइन ४ बदलायची, त्याला तासाभराहून जास्त धरा. पाट्या इंग्रजीतही असतात, तिकिटाच्या मशीनवरही इंग्रजी आहे. बॅग तपासतात, पाण्याची बाटली असेल तर एक घोट पिऊन दाखवायला सांगतात, द्यायचा.

लाइन १ उंचावरून जाते, जुन्या बीजिंग-हानखौ रेल्वेच्या मार्गावर. १९३१ ला त्या रेल्वेचा भरावच हानखौचा बांध म्हणून उभा होता आणि तो फुटल्यावर पाणी आत शिरलं. गाडीत खिडकीची जागा मिळाली तर खाली बघत बसा, रस्ते, दुकानं, भाजीच्या गाड्या, सगळं त्या पाण्याखाली होतं.